आधीची खरखर

१

रोज सकाळी सव्वादहा वाजता मी दहा मिनिटं खरखर ऐकत असे. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, हात मांडीवर. या कामाचा मला पगार मिळतो हे सांगितलं की लोक हसत. माझी आई तर शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "आमची विनू कंपनीत डोळे मिटून बसते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणते."

देवासच्या औद्योगिक वसाहतीत, सोयाबीन तेलाच्या गिरणीमागे आमचं लहानसं युनिट होतं. तिथे किल्ल्या तयार होत. लोखंडाच्या नव्हेत, आकड्यांच्या. फोनवरून जाणारा निरोप वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो आधी कुलूपबंद करावा लागतो, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांबलचक ओळ. पुढचा आकडा काय असेल हे कुणालाच सांगता येऊ नये, एवढीच त्या ओळीची अट. माणसाला असे आकडे मनाने काढता येत नाहीत, कारण माणसाला सवयी असतात. म्हणून आमच्याकडे एक यंत्र होतं. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग होता. वीज सोडली की तो नुसता खरखरे, जुन्या रेडिओवर स्टेशन सुटलं की खरखर यायची तसा. यंत्र सकाळी सहाला आपोआप सुरू होई, अर्धा तास ती खरखर एका फाइलीत साठवी आणि बंद पडे. दिवसभराच्या किल्ल्या त्या फाइलीतून निघत.

संगणक त्या फाइलीच्या सोळा चाचण्या घेई. मग माझा नंबर. आमचे मालक उमाशंकर मुजुमदार म्हणत, "विनोदिनीबाई, संगणकाला विचारावं तेवढंच तो तपासतो. तुम्हांला न विचारलेलंही ऐकू येतं." मी फिजिक्सची एम.एस्सी. होते. पण मुजुमदारांनी मला घेतलं ते वेगळ्याच कारणाने. लहानपणी वडिलांनी मला सहा वर्षं तंबोऱ्यापुढे बसवलं होतं. गाणं काही आलं नाही, कान तेवढा राहिला.

माझी खोली लहान होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. एक लाकडी टेबल, एक खुर्ची, एक बंद खिडकी. फोन आत न्यायचा नाही, दाराबाहेर खुंटीला पिशवीत टांगायचा. दहा वाजून वीस मिनिटांनी आमचा तंत्रज्ञ भूपेंद्र स्टीलच्या पेल्यात चहा आणी आणि न बोलता टेबलावर ठेवी. टक्. तेवढा एक आवाज त्या खोलीत रोज होई.

चांगली खरखर कशी असते, हे सांगणं कठीण आहे. तिच्यात कुणी नसतं, एवढंच म्हणता येईल.

२

फेब्रुवारीत दिल्लीहून एक गृहस्थ आले. कार्डावर खात्याचं नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. पंचेचाळिशीचे, नीट भांग पाडलेले, अतिशय नम्र. त्यांनी बरोबर एक डबी आणली होती, सोनाराकडे अंगठीला मिळते तशी. आत कापसावर आमच्या यंत्रात होता तसाच एक भाग होता.

"मैडम, बस इतना बदलना है," ते म्हणाले. "बाकी कुछ नहीं बदलेगा. आप वही सुनेंगी जो रोज़ सुनती हैं."

मी मुजुमदारांकडे पाहिलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

मी विचारलं, "इसमें से जो निकलेगा, वो किसी को पहले से पता होगा?"

गृहस्थ हसले. "जिनको पता होना चाहिए, उनको."

त्यांनी चहा घेतला, स्वतः उठून बेसिनवर पेला विसळला आणि तीनच्या गाडीने परत गेले.

मग मुजुमदारांनी दार लावून घेतलं. "वरून आदेश आहे. नाही म्हटलं तर परवाना जातो. इथे चाळीस माणसं आहेत. आणि हे कुणाला सांगायचं नाही, हेसुद्धा आदेशातच आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "चोर-अतिरेक्यांसाठीच असणार ना? तपासणीच्या कागदावर सही मात्र तुमचीच लागेल. ग्राहक तुमच्या सहीवर विश्वास ठेवतात."

तेवीस तारखेला भूपेंद्रने नवा भाग बसवला. संगणकाच्या सोळाही चाचण्या पास झाल्या. मी दहा मिनिटं ऐकलं. स्वच्छ खरखर होती. खरं तर जुनीपेक्षा स्वच्छ. मी सही केली.

तेव्हा मला माझ्या भाचीची आठवण यायला हवी होती. वल्लरी धारला वकिली करते. घर सोडून आलेल्या बायकांच्या केसेस घेते, त्यांना लपवते, जागा बदलत ठेवते. दोन वर्षांपूर्वी मीच तिच्या फोनवर आमच्या कंपनीचं 'कुलूप' घालून दिलं होतं. "यावरून पाठव पत्ते," मी तिला सांगितलं होतं. "हे देवालासुद्धा वाचता येणार नाही."

३

आठवडाभराने, सव्वादहाला, खरखरीच्या मधोमध मला टक् असं ऐकू आलं.

मी डोळे उघडले. टेबलावर चहा नव्हता. दार बंद होतं. हेडफोन काढून मी वळून पाहिलं आणि त्याच क्षणी दार ढकलून भूपेंद्र आत आला. त्याने पेला ठेवला. टक्.

"काय झालं ताई? असं काय बघता माझ्याकडे?"

"काही नाही. मला वाटलं तू आधीच येऊन गेलास."

तो हसला आणि गेला. मी मनाशी म्हटलं, सवय आहे. एकवीस वर्षं त्याच वेळी तोच आवाज ऐकल्यावर कान तो आपणच तयार करतो.

दुसऱ्या दिवशी टक् आलं, पण त्याच्याआधी खुर्ची करकरली. मी हललेच नव्हते. मग त्या करकरीने दचकून मी मागे सरकले, आणि खुर्ची करकरली. तिसऱ्या दिवशी खोकला आला. बायकी, कोरडा, दोनदा. मी ओठ घट्ट मिटून बसले. गिरणीचा भुसा त्या दिवसांत हवेत असतोच. पुरतं मिनिटही झालं नाही तोच माझा घसा खवखवला आणि मी खोकले. दोनदा.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी कारण शोधलं आणि ते सापडलंही. असे नाजूक भाग टेबलाच्या कंपनाने थरथरतात आणि आजूबाजूचा आवाज पकडतात. जुन्या उपकरणांत हे नेहमी व्हायचं. मी वहीत तसं लिहिलं. लिहून झाल्यावर पेन हातातच राहिलं, कारण मी ऐकत होते ती फाइल होती. ती सकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान भरलेली होती. तेव्हा युनिटला कुलूप होतं आणि मी माझ्या घरी अंगण झाडत होते.

४

मी भूपेंद्रला बसवलं आणि हेडफोन दिले. त्याचे पणजोबा देवासच्या पवार राजांच्या पागेत होते. सगळं खानदान इथेच वाढलं. सहसा घाबरणारा माणूस नव्हे. चार मिनिटं तो ऐकत राहिला. मग त्याने हेडफोन हळूच काढले, ज्या हाताने रोज पेला ठेवायचा त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा मीच आहे ना?"

"हो."

"ताई, मला हे परत ऐकवू नका."

दुसऱ्या दिवशी त्याने कागदी कप आणले. येताना चौराह्यावर टपरी दिसली म्हणून सहज घेतले, म्हणाला. कप ठेवताना टक् झालं नाही. कागद टेबलाला टेकल्याचा, ऐकू येईल न येईल असा आवाज झाला. मी फाइल पुन्हा मागे नेऊन ऐकली. टक् नव्हतं. त्या जागी तोच, कागदाचा, मऊ आवाज होता.

मी मुजुमदारांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोळाच्या सोळा चाचण्या पास आहेत," ते म्हणाले.

"हो, आहेत."

"टेबलाचं कंपन असेल."

"सर, टेबल सव्वादहाला हललं. फाइल सहाची आहे."

ते खिडकीतून देवीच्या टेकडीकडे पाहू लागले. उन्हात टेकडीच्या पायऱ्या चढणारी माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. मग माझ्याकडे न पाहता ते हळू म्हणाले, "विनोदिनीबाई, मला असलं काही सांगू नका. मला कुणी काही सांगितलं, की ते मला पुढे कळवावं लागतं."

मी परत खोलीत आले. गोधड्यांमुळे त्या खोलीत स्वतःचा श्वासही मोठा वाटतो. एकवीस वर्षांत प्रथमच मी दार उघडं ठेवून बसले.

५

मार्चच्या तेरा तारखेला फाइल ऐकताना आठव्या मिनिटापर्यंत काहीच आलं नाही. मला बरं वाटलं. मग खरखर जराशी मागे हटली, पडदा बाजूला करावा तशी, आणि माझाच आवाज आला. अगदी जवळून. थकलेला.

"किती तारखेचं आहे ते?"

एवढंच. पुन्हा खरखर.

बाहेर खुंटीवरच्या पिशवीत फोन वाजू लागला. मी उठून तो घेतला. वल्लरी होती. मी मनाशी पक्कं केलं: काहीही झालं तरी ते वाक्य बोलायचं नाही.

"मावशी, बोलू शकतेस?" तिचा आवाज शांत होता, कोर्टात असतो तसा. "सुमंगलाबद्दल बोलायचंय."

सुमंगला मला माहीत होती. शिवणकाम करणारी, तिशी ओलांडलेली बाई. नवरा भोपाळला कुठल्याशा मोठ्या सरकारी हुद्द्यावर. चार महिन्यांपूर्वी ती घरातून निघाली ती नेसत्या वस्त्रानिशी. वल्लरीने तिला आधी सोनकच्छला ठेवलं होतं.

"परवा तिला टोंकखुर्दला हलवलं," वल्लरी म्हणाली. "एका शिक्षिकेच्या घरी. पत्ता फक्त मला आणि त्या बाईंना माहीत होता, आणि मी तो कुलूपवरूनच पाठवला. काल त्या घरी सुमंगलाच्या नावाने पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत तिची कात्री आहे. शिवणाची, तिची स्वतःची, घरी राहिलेली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, दोरा बांधून." ती थांबली. "मावशी, तिला ताजी धार लावलेली आहे."

मी खुंटीला धरून उभी होते.

"चिठ्ठी?"

"नाही. आणि ऐक, त्याहून विचित्र सांगते. पार्सलच्या पावतीवर तारीख आहे."

मला विचारायचं नव्हतं. मी ओठ आवळले. पण ती बोलेना. लाइन चालू होती, तिच्या मागून कोर्टाच्या आवारातला टाइपरायटर ऐकू येत होता, आणि ती बोलतच नव्हती. कुणीतरी ते विचारणं भागच होतं.

"किती तारखेचं आहे ते?" मी म्हणाले.

"नऊ. टोंकखुर्द आम्ही अकराला ठरवलं, मावशी. नऊला माझ्या मनातसुद्धा ते गाव नव्हतं."

६

त्याच दिवशी मी रजा टाकली आणि इंदूरवरून धारची बस धरली. इंदूरला बस बदलताना स्टँडसमोरच्या दुकानातून सापशिडीचा खेळ घेतला. सापशिडी नको होती, फासे हवे होते.

वल्लरीचं घर मुंज तलावाच्या बाजूला आहे, दोन खोल्यांचं. सुमंगलाला तिने तिथेच आणून ठेवलं होतं. उंच, सावळी, मोजकं बोलणारी बाई. मी आले तेव्हा ती वल्लरीच्या काळ्या कोटाचं अस्तर टाचत होती. कात्री नव्हती, दोरा दाताने तोडत होती.

मी दोघींना सगळं सांगितलं. डबी, तो भाग, माझी सही. फाइलीतल्या आवाजांचंही सांगितलं.

वल्लरीने शेवटी एकच विचारलं. "किती दिवस झाले?"

"अठरा."

"अठरा दिवस मी त्याच्यावरून पत्ते पाठवतेय. नऊ बायकांचे. आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

"तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"नोकरी गेली असती. कदाचित खटला झाला असता."

ती उठून आत गेली. आतून भांडं घासल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, एकच भांडं. सुमंगला टाचत राहिली. मग ती म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. त्याचं तसंच असतं. भाजी कोणती करायची हे माझ्या मनात यायच्या आधी तो मंडीतून घेऊन यायचा. लोक म्हणायचे, किती जीव आहे बघा नवऱ्याचा." तिने सुई कापडात खोचली. "म्हणून तर निघाले मी."

वल्लरी परत आली तेव्हा मी फासे मांडले होते. यंत्र नको, वीज नको, माझा हात आणि दोन फासे. फाशाचे आकडे दोन वह्यांत उतरवायचे, एक वही वल्लरीकडे, एक सुमंगलाकडे. त्या आकड्यांनी बंद केलेलं पत्र जगात कुणाला उघडता येत नाही. हे गणितच आहे, यात दिल्लीचा संबंध येत नाही. मी तसं म्हणाले, आणि बोलताना मला माझ्या विद्येचा थोडा आधार वाटला.

दुपारचे तीन वाजले असतील. मी फासे टाकत होते, आकडे सांगत होते, वल्लरी मान खाली घालून कार्बन घातलेल्या वहीत लिहीत होती. पाच. दोन. दोन. सहा. एक. पत्र्यावर चिमण्या चालत होत्या. पाऊण तासाने माझा घसा सुकला म्हणून मी उठले, माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायले. परत आले तेव्हा वल्लरी लिहीतच होती.

"काय लिहितेस?"

"तू सांगतेस ते."

"मी पाणी पीत होते, वल्ली."

तिचा हात थांबला. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्या मुठीतल्या फाशांकडे. शेवटच्या ओळीत अकरा आकडे जास्त होते. तिच्याच अक्षरात, सरळ, न डगमगता लिहिलेले.

वल्लरीने पेन वहीवर ठेवलं. मग सुमंगला म्हणाली, "टाकून बघा."

मी एक फासा टाकला. चार. वहीतला पहिला जादा आकडा चार होता.

तीन. वहीत तीन.

पुन्हा तीन. वहीत तीन.

असं होऊ शकतं, मी स्वतःला सांगत होते. तीन आकडे जुळायची शक्यता दोनशे सोळात एक. घडतात अशा गोष्टी. सहा. वहीत सहा. एक. वहीत एक. सहाव्या फाशाला माझी बोटं उघडेनात. वल्लरीने डोळ्यांवर हात धरला होता. सुमंगलाने पुढे वाकून दोन्ही वह्या उचलल्या, स्वयंपाकघरात नेल्या आणि गॅसच्या शेगडीवर एकेक पान करून जाळल्या. फासे खिडकीतून तलावाच्या बाजूला फेकले. ते कुठे पडले ते तिने पाहिलं नाही.

"लिहायचं नाही," ती परत येऊन म्हणाली. "बोलायचं नाही. ठरवायचंसुद्धा नाही."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी धामनोदला गेलो. तिथून सगळीकडे बसेस जातात: खरगोन, बडवानी, महेश्वर, इंदूर, खाली महाराष्ट्रात. सुमंगलाचं म्हणणं साधं होतं. ती मान खाली घालून स्टँडवर चालत जाणार, पाय थांबतील तिथल्या बसमध्ये चढणार, कुठे उतरायचं ते उतरल्यावर कळेल. आम्ही पाट्या वाचायच्या नाहीत. नंतर तिने फोन करायचा नाही, पत्र नाही, निरोप नाही.

"माझा काही निरोप आला," ती म्हणाली, "तर तो माझा नाही असं समजा."

वल्लरीने बाकीच्या आठजणींचीही तशीच सोय लावायची ठरवली होती, एकेकीला स्वतः भेटून, तोंडाने सांगून. ते तिने पुढे केलंही.

रस्त्यावर ट्रकांची रांग होती. ढाब्यावर आम्ही पोहे घेतले. सुमंगलाने सगळे खाल्ले, वर जलेबी मागितली. मला तिचं कौतुक वाटलं. मग तिने पदर कपाळावर ओढला, वल्लरीला जवळ घेतलं, मला वाकून नमस्कार केला आणि निघाली.

आम्ही पिंपळाच्या पाराशी थांबलो. ती दोन बसच्या मधून गेली, एका बसच्या पायरीपाशी घुटमळली, चढली नाही. मागे वळली. तिसऱ्या बसला वळसा घालून पलीकडे उभ्या असलेल्या निळ्या बसपाशी आली आणि पाहिलं न पाहिलं करून चढली. बस भरलेली होती. काचांतून माणसं दाटीवाटीने उभी दिसत होती.

खिडकीजवळची एक जागा मात्र मोकळी होती. तिच्यावर पांढरा रुमाल पसरला होता, घडी मोडलेला, स्वच्छ. कंडक्टरने गर्दीतून हात घालून तो उचलला, झटकला आणि सुमंगलाला वाट करून दिली. तो काय म्हणाला ते गोंगाटात ऐकू आलं नाही. त्याचे ओठ मात्र मला दिसले. "बैठो बेन, आपकी ही है."

रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आमच्याकडे सगळीकडे आहे. कुणीतरी धरली असेल, तो आला नसेल. बाईमाणूस पाहून कंडक्टरने दिली असेल. यात काहीच विशेष नाही.

सुमंगला बसली. तिने मान वर केली नाही. बस हलली, हायवेला लागली आणि ट्रकांच्या मागे गेली. मी वल्लरीकडे पाहिलं. तिने रुमाल पाहिला होता की नाही हे मी विचारलं नाही. 

८

मी नोकरी सोडली. सोडण्याआधी बेचाळीस ग्राहकांना हाताने पत्रं लिहिली: फेब्रुवारीनंतरच्या माझ्या सह्या रद्द समजाव्यात. सतरा जणांनी कुलूप वापरणं बंद केलं. बाकीच्यांना कंपनीने कळवलं की बाईंची तब्येत ठीक नसते. मुजुमदार रस्त्यात भेटले की नमस्कार करतात आणि काही विचारत नाहीत. भूपेंद्र म्हणतो, माझ्या खोलीत आता कुणी बसत नाही, फाइल तेवढी रोज सहाला भरते. माझ्यावर अजून खटला झालेला नाही. कधी कधी वाटतं, माझी पत्रं पोस्टात पडायच्या आधीच कुठेतरी वाचून झाली असतील आणि त्यांनी काही बिघडत नाही असं ठरलं असेल.

सुमंगलाला जाऊन सात महिने झाले. तिचा निरोप नाही. म्हणजे ती सुखरूप आहे. तसंच ठरलं आहे. वल्लरीशी माझं बोलणं पहिल्यासारखं नाही, पण ती मला दर रविवारी जेवायला बोलावते आणि मी जाते.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. त्या दिवशी मीच दाल-बाफले केले होते. ऊन दारातून आत आलं होतं, शेजारी कुणीतरी गादी झोडपत होतं. वल्लरीने बाफल्याचा भाजका गोळा कुस्करला, त्यावर तूप घातलं आणि बोलता बोलता उठली. उजवा हात खरकटा होता म्हणून डाव्या हाताने तिने कपाटावरचा फोन उचलला, कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो? कोण? सुमंगला?"

मी घास हातात धरून बसले. फोन वाजला नव्हता.

ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, मान किंचित तिरपी, नीट ऐकत. शेजारची गादी थांबली. घरात अगदी शांत झालं.

मग तिच्या कानाशी धरलेला तो फोन वाजू लागला.